सार्वजनिक पैशाचे ज्ञान सार्वजनिक हवे

(मिठबाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला ‘मुक्त विज्ञान आणि अभियांत्रिकीचा प्राध्यापक’ असा विषय नेमून दिला आहे. मासेमारी, आंबा बागायत, पाणी आणि रोजगार या विषयांच्या पंक्तीत हा विषय आपल्यापैकी काहींना परका वाटला असेल. प्राध्यापकांचे शोधनिबंध कोठे छापले जातात, ते कोणाला वाचायला मिळतात आणि त्यांचे पैसे कोण भरतो, याच्याशी मिठबावच्या खाडीवर जाळे टाकणाऱ्या माणसाचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तो विचारलाच पाहिजे. तो संबंध अगदी जवळचा आहे आणि तो आपल्या ध्यानात येऊ नये अशीच आजच्या व्यवस्थेची रचना आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या किनाऱ्याला विद्वान माणूस परका नाही. १९७१ पासून १९९१ पर्यंत वीस वर्षे राजापूर मतदारसंघाने ज्यांना लोकसभेत पाठविले ते मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असत. अर्थसंकल्पातील आकडा आणि त्यामागील धोरण सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत उलगडून सांगण्याची त्यांची हातोटी होती. ज्ञानाचे लोकशाहीकरण हा शब्द तेव्हा फारसा वापरात नव्हता. पण कृती वापरात होती. आज शब्द आला आहे आणि कृती मागे पडली आहे.

प्रथम शोधनिबंध कसा तयार होतो ते पाहू. एखाद्या शासकीय संस्थेतील प्राध्यापक समजा किनाऱ्याच्या धुपेवर संशोधन करतो. त्याचा पगार सार्वजनिक तिजोरीतून येतो, प्रयोगशाळा आणि उपकरणे त्याच तिजोरीतून येतात, त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीही तेथूनच येते. निबंध लिहून झाला की तो एखाद्या परदेशी प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकाकडे पाठविला जातो. तेथे दुसरे दोन-तीन प्राध्यापक तो तपासतात. या तपासणीबद्दल त्यांना मोबदला मिळत नाही. आणि त्यांचे पगारही बहुधा कोणत्या ना कोणत्या देशातील जनताच देत असते. लेखकालाही दमडी मिळत नाही. उलट प्रताधिकार प्रकाशकाच्या नावे लिहून द्यावा लागतो. मग तोच निबंध त्याच संस्थेच्या ग्रंथालयाला प्रकाशक वार्षिक वर्गणी घेऊन विकतो. म्हणजे संशोधनासाठी जनतेने एकदा पैसे दिले, तपासणीसाठी दुसऱ्यांदा दिले आणि वाचण्यासाठी तिसऱ्यांदा दिले. ज्याच्या पुळणीवर मोजमाप झाले त्या गावकऱ्याला मात्र तो निबंध हवा असेल तर एकेका लेखासाठी हजारो रुपये मोजावे लागतात.

कच्चा माल फुकट, श्रम फुकट आणि पक्का माल एकाधिकाराच्या भावाने, असा हा धंदा आहे. एल्सेव्हियर या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाने अनेक वर्षे दर १०० रुपयांच्या विक्रीमागे ३५ रुपयांहून अधिक नफा कमावला आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत समजावून दिला होता. कापूस मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत येई. आज ज्ञानाचा कापूस त्याच वाटेने जातो आणि त्याच वाटेने परत येतो. फरक एवढाच की हा कापूस आपण होऊन, पदरचे भाडे भरून आपण बंदरावर नेऊन देतो.

या व्यवस्थेविरुद्ध जगभर चळवळ झाली, तिलाच मुक्त विज्ञानाची चळवळ म्हणतात. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने शोधनिबंधांचे ‘अर्काइव्ह’ नावाचे मुक्त भांडार सुरू केले. १९९८ साली ब्राझीलने सार्वजनिक पैशावर चालणारे आणि वाचकाला विनामूल्य असणारे ‘सायलो’ हे नियतकालिकांचे जाळे उभारले. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने या चळवळीला तिची व्याख्या दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने मुक्त विज्ञानाविषयीची शिफारस स्वीकारली. आपल्या देशातही ही परंपरा नवी नाही. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळूरला स्थापन केलेल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांतील निबंध कोणालाही अकादमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. योगायोग असा की, अकादमीच्या अभियांत्रिकीविषयक नियतकालिकाचे नाव ‘साधना’ आहे. साने गुरुजींच्या साप्ताहिकावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नाव पाहून आनंद व्हावा.

परंतु भांडवलशाहीचे वैशिष्ट्य असे की, विरोधकाची घोषणाही ती विकावयास ठेवते. वाचकाकडून पैसे घेऊ नका ना, ठीक आहे, मग लेखकाकडून घेतो, असे प्रकाशकांनी ठरविले. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने मुक्त प्रकाशनासाठी जाहीर केलेला दर ९,५०० युरो होता. २०२१ पासून तो लागू झाला. आपल्याकडील महाविद्यालयात कंत्राटावर शिकविणाऱ्या तरुण अध्यापकाच्या वर्षाच्या कमाईहून ही रक्कम अधिक भरेल. दार वाचकासाठी उघडले आणि लेखकासाठी लावून घेतले! याला मुक्ती म्हणत नाहीत.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशनसंस्था, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा पसारा आहे. विरोधासाठी विरोध करण्याची आपली रीत नाही. एखाद्या लहान शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्याइतकेच वाचावयास मिळावे, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण तीन प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. पहिला असा की, या योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांपुरता आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकणारी बहुसंख्य मुले खाजगी महाविद्यालयांत आहेत. कोकणातील शेतकऱ्याचा आणि मच्छीमाराचा मुलगाही कर्ज काढून तेथेच जातो. त्याचे काय? दुसरा प्रश्न, संस्थेबाहेरच्या नागरिकाचे काय? ग्रामपंचायत सदस्य, शाळामास्तर, निवृत्त ओव्हरसियर यांना वाचण्याचा अधिकार नाही काय? आणि तिसरा, मुदत संपल्यावर आपल्या हाती उरते काय? भाड्याच्या घरात कितीही वर्षे राहिले तरी ते आपल्या मालकीचे होत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू न्यायालयात गेली. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली ‘साय-हब’ हे संकेतस्थळ काढून लक्षावधी निबंध फुकट उपलब्ध केले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश झाला. कायदा मोडा, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. पण ज्या देशात इतकी बुद्धिमान मुले ज्ञानासाठी आडवाट धरतात, त्या देशाचा राजमार्ग कोणी अडविला आहे, हे विचारणे हा गुन्हा नव्हे.

आता प्राध्यापकाच्या जीवनाकडे वळू. कारण सारा दोष परदेशी प्रकाशकांवर टाकून आम्ही शिक्षक मंडळींनी नामानिराळे होणे योग्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि पदोन्नतीसाठी गुणांकाची पद्धत आणली. किती निबंध छापले, किती परिषदांना गेलात, यांचे गुण मिळू लागले. जेथे मोजमाप पदोन्नतीला बांधले जाते तेथे मोजमापाचाच बाजार भरतो. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील अळंब्यांप्रमाणे उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचीच तपासणी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतील ८८ टक्के निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाला यादीतून ४,००० हून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. कोकणातल्या महाविद्यालयातील स्थापत्य विभागाचा अध्यापक कोणत्या प्रश्नावर काम करील? जांभ्याच्या सड्यावर पडलेले पावसाचे पाणी झिरपते कोठे, किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ का होते, खारबंधारा फुटतो तो कोणत्या जागी आणि का, हे प्रश्न त्याच्या दाराशी उभे आहेत. पण त्यांची उत्तरे मराठीत लिहून ग्रामपंचायतीला दिली तर पदोन्नतीच्या तक्त्यात त्यांना कितीसे स्थान असणार? त्याऐवजी दूरच्या कोणत्या तरी प्रश्नावर, दुसऱ्याने गोळा केलेल्या आकड्यांवर बेतलेला इंग्रजी निबंध त्याला हमखास गुण मिळवून देतो. मग तो माणूस गावात राहूनही गावाचा राहत नाही. त्याचे शरीर सिंधुदुर्गात आणि बुद्धी निर्यात विभागात! यात त्याची वैयक्तिक नीतिमत्ता शोधण्यात अर्थ नाही. कंत्राटी नोकरी आणि गुणांचा तक्ता या दोन दोरांनी त्याला बांधले आहे.

तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण वेगळी वाट चालून दाखविणारे अभियांत्रिकीचे प्राध्यापक याच महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा केला. महागड्या परवान्यांच्या सॉफ्टवेअरऐवजी सायलॅबसारखी मुक्त साधने महाविद्यालयांत रुजवावीत, हा त्याचा हेतू. त्यांत एक साधी आणि फार मोलाची कल्पना होती. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून सर्वांसाठी खुली ठेवावयाची. शिकणारा मुलगा शिकता शिकता सार्वजनिक ठेव्यात भर घालतो. त्यांच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लहान लहान दृक्-श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात. जेथे चांगला शिक्षक पोचत नाही तेथे हे पाठ पोचतात.

दुसरे उदाहरण मिलिंद सोहोनी यांचे. संगणकशास्त्राचे हे प्राध्यापक आय.आय.टी.मध्ये १९८५ पासून चाललेल्या, ‘सितारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात काम करू लागले. नळपाणी योजना का बंद पडतात, टँकर कोणत्या गावाला आणि का लागतो, असे प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना अभ्यासाचे विषय म्हणून दिले. त्या प्रयत्नांतूनच २०१६ साली राज्य शासनाचे ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आले. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्याच विकासाचे प्रश्न अभ्यासावेत, ही त्यामागील भूमिका. प्रश्न लोकांचा, मोजणी लोकांसमोर आणि उत्तर लोकांच्या भाषेत, हे तीन दुवे जोडले की मुक्त विज्ञान पूर्ण होते. केवळ निबंध फुकट वाचावयास मिळणे हा त्याचा एक तृतीयांशच भाग आहे.

बंद दाराआडच्या ज्ञानाने काय होते, हे सिंधुदुर्गाइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला ठाऊक असणार? २०१० साली केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाविषयी तज्ज्ञगट नेमला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा प्रश्न त्याच्याकडे मुद्दाम सोपविला होता. आपल्या जिल्ह्यातील २५ ग्रामसभांनी आपली गावे परिसरदृष्ट्या संवेदनशील ठरवावीत असे ठराव केले होते. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला आणि सरकारने तो दडवून ठेवला. केरळातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला. एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो देण्याचा आदेश दिला, तर सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे हरल्यावर, मे २०१२ मध्ये, तो अहवाल प्रसिद्ध झाला. नऊ महिने लोकांच्याच गावांविषयीचे शास्त्रीय निष्कर्ष लोकांपासून लपविण्यासाठी लोकांचाच पैसा खर्च झाला! त्या नऊ महिन्यांत अहवालाविषयी पसरलेल्या अफवांचे उत्तर कोणाजवळ नव्हते, कारण अहवालच कोणाजवळ नव्हता. पुढे शासनाच्या मराठी गोषवाऱ्यात अहवालाचा विपर्यास झाल्याची तक्रार स्वतः गाडगीळांनी जाहीरपणे केली. अहवालातील प्रत्येक शिफारस आपण मान्य करावी असा माझा आग्रह नाही. मतभेद असू द्यात. पण मतभेदालासुद्धा मजकूर लागतो.

मच्छीमार बंधूंना तर याचा अनुभव नित्याचा आहे. पर्ससीन जाळ्यांमुळे आमच्या रापणीला मासा उरत नाही, असे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते. त्यांना अडाणी ठरविले गेले. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यावर आधारलेले निर्बंध यायला २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. शास्त्रज्ञाने जे आकड्यांत मांडले ते रापणकराने अनुभवात मांडले होते. तेव्हा मुक्त विज्ञान म्हणजे विद्वानांनी खाली उतरून लोकांना ज्ञान वाटणे नव्हे. लोकांच्या ज्ञानाला प्रयोगशाळेत सन्मानाने प्रवेश देणे, हाही त्याचा अर्थ आहे.

आणि अभियंत्याच्या दृष्टीने सर्वांत बोचरी घटना मालवणची. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. कोणावर खटले झाले, कोणते पक्ष काय बोलले, त्यात मी शिरत नाही. मी विचारतो ते एवढेच की, सार्वजनिक जागी, सार्वजनिक पैशातून, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या बांधकामाचा आराखडा, वाऱ्याच्या दाबाचे गणित आणि धातूच्या सांगाड्याची तपासणी ही कागदपत्रे आधीच खुली का नसावीत? तंत्रनिकेतनातील एखाद्या अध्यापकाने, एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने ते गणित पुन्हा मांडून पाहिले असते आणि शंका विचारली असती, तर कोणाचे काय बिघडले असते? पूल, धरण, बंधारा आणि पुतळा यांच्याबाबतीत खुलेपणा हा सौजन्याचा भाग नाही. तो सुरक्षिततेचा भाग आहे. २०१६ साली महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला, २०१९ साली तिवरे धरण फुटले. प्रत्येक वेळी चौकशी दुर्घटनेनंतर झाली. विज्ञानाची रीत याच्या उलट आहे. तेथे तपासणी आधी होते आणि ती अनेकांनी करावयाची असते.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की, सर्व माहिती खुली केली तर तिचा लाभ बलवान माणूसच प्रथम उठवील. कोणत्या खडकात कोणते खनिज आहे, कोणत्या ठिकाणी मासा मिळतो, कोणत्या सड्यावर जमीन स्वस्त आहे, हे खाण कंपनीला आणि जमीन दलालाला आयतेच कळेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो आपण गंभीरपणे घेतला पाहिजे. माझे उत्तर असे की, बलवानाला ही माहिती आजही मिळतेच. तो सल्लागार नेमतो, वर्गणी भरतो, कचेरीत ओळख काढतो. बंद दाराने अडतो तो दुबळाच. तरीही गावाने दिलेली माहिती गावाच्या संमतीने खुली व्हावी, आणि तिच्यावर प्रथम हक्क गावाचा असावा, हा नियम आपण आग्रहाने मांडला पाहिजे. मालकीविरहित ज्ञान आणि बेवारस ज्ञान यांत फरक आहे. सामुदायिक मालमत्तेला राखणदार लागतो.

मग आपण करावयाचे काय? ठराव पुष्कळ झाले. मी चार कामे सुचवितो. पहिले, माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम प्रत्येक शाखेने वाचावे. माहिती मागण्याची वाट न पाहता ती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य ते शासकीय कचेऱ्यांवर टाकते. आपल्या तालुक्यातील नळपाणी योजना, बंधारे आणि धूपप्रतिबंधक भिंती यांचे आराखडे व अहवाल त्याखाली प्रसिद्ध करण्याची मागणी करावी, तीही मराठी गोषवाऱ्यासह. दुसरे, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि तंत्रनिकेतनात जाऊन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गावाचे प्रश्न प्रकल्प म्हणून द्यावेत. अट एकच घालावी की, प्रकल्पाचा अहवाल ग्रामसभेपुढे मराठीत वाचला गेला पाहिजे. तिसरे, शिक्षक संघटनांतील आपल्या साथींनी केवळ वेतनश्रेणीपुरते न थांबता, गावासाठी केलेल्या खुल्या कामाला पदोन्नतीत स्थान मिळावे, अशी मागणी लावून धरावी. केंद्राच्या विज्ञान खात्यांनी २०१४ साली धोरण ठरविले की, त्यांच्या पैशातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवावेत. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवण्याचा नियमही आहे. ते पाळले जातात की नाही, हे विचारणे आपले काम आहे. चौथे, ‘शोधगंगा’तून आपल्या जिल्ह्यावरील प्रबंध शोधून त्यांची यादी प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात लावावी. आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे, हे आधी आपल्याला कळू दे.

ही कामे लहान आहेत, पण एकाही कामासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जमीन कसणाराची, हा विचार आपण एका पिढीच्या चळवळीत समाजाच्या गळी उतरविला. ज्ञान ज्यांच्या श्रमातून आणि करातून उभे राहते त्यांचे ते आहे, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. पुढील महिन्यात येथून जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटावयास तीन-चार कार्यकर्ते निघणार असतील, तर त्यांच्याबरोबर येण्याची माझी तयारी आहे. जाताना गावातील पाच प्रश्न कागदावर लिहून घ्या. बाकी गणित आम्ही मांडू, आणि ते तुमच्यासमोर मांडू.